गनमेटलचे हिवाळे

भरताची वांगी बाजारात आली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं डोकं तापतं. वांग्याचा त्यात काही दोष नाही. हिरवंगार, बुडाशी पांढरट, हातात घेतलं तर आकाराच्या मानाने हलकं. असलं वांगं आमच्याकडे थंडीबरोबर येतं आणि थंडीबरोबर जातं. परवा वांगेवालीने टोपली उतरवली, वरचं वांगं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "ल्या अक्का, जामनेरना शेतस. बी नही, काही नही, बठ्ठं लोनी." मी दाबून पाहिलं. खरंच सगळं लोण्यासारखं होतं. घेतली. पण जामनेर म्हटल्यावर मला जळगाव आठवलं, जळगाववरून ती जीप आठवली आणि जीपवरून गिअर. घरी येईपर्यंत मी त्या बाईवर मनातल्या मनात चिडत आले. वांगेवालीवर नव्हे. दुसरीवर.

मला मत्सर वाटतो. या वयात तो वाटू नये म्हणतात. असं म्हणणाऱ्या बायकांनी आपला नवरा परक्या बाईशी खुशीत बोलताना पाहिलेला नसतो.

आमचं गॅरेज धुळ्याच्या बाहेर, सोनगीरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे गॅरेज, मागे घर. मध्ये एक दार, ते कधी लावलेलं नसतं. त्यामुळे आमच्या भाजीला थोडा डिझेलचा वास येतो आणि गॅरेजमधल्या फडक्यांना लसणाचा. माझ्या नवऱ्याला सगळा रस्ता आबा म्हणतो. मीही आबाच म्हणते. नवऱ्याला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि "अहो" म्हटलं की गॅरेजमधली सगळीच माणसं वळून बघायची.

आबा कमी बोलतात. सकाळी "चहा", दुपारी "वाढ", संध्याकाळी "पानी तापनं का". लग्नानंतरची पहिली थंडी मला नीट आठवते. ते सोनगीरच्या पुढे एका विहिरीवर इंजिन दुरुस्त करायला गेले होते. दिवस मावळताना आले ते पिशवीत वांगी घेऊन. मी अंगणात पऱ्हाट्या पेटवल्या. कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा जाळ पटकन चढतो, पटकन बसतो. वांगं सारखं फिरवावं लागतं. साल करपून सुटलं, बोटं भाजली. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून कच्चं तेल, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नवी नवरी होते, जीव ओतून केलं. आबा पोटभर जेवले, बोटं चाटली आणि बराच वेळ जाळाकडे बघत बसले. मला वाटलं, आता भरताला काहीतरी म्हणतील. म्हणाले, "इंजिन भारी व्हतं."

तेव्हा मला पहिल्यांदा मत्सर वाटला. एका इंजिनाचा. ते इंजिन मी कधी पाहिलंही नाही.

माझं माहेर भडगावकडे, गिरणेच्या काठी. चौथीपर्यंत शिकले, पुढे शाळा सुटली. लिहितावाचता येतं, तेवढं पुरतं. गॅरेजमधलं मला कोणी काही शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तिथलं एक काम माझं होतं. इंजिन दुरुस्त होऊन थोडा वेळ चाललं की आबा तळातलं थोडं तेल वाटीत काढायचे आणि दारातून हाक मारायचे, "तेल देख व." मी पिठाचे हात धुऊन, पुसून जायची. तेलात दोन बोटं बुडवायची आणि अंगठ्यावर घासायची. आबांच्या बोटांना असलं काही कळत नाही. तापलेलं लोखंड धरून धरून ती खुरासारखी झाली आहेत. माझ्या बोटांना कळतं. तेल मऊ लागलं की मी म्हणायची, "मैदा." जरा जरी खरखरलं तर, "रवा." रवा म्हटलं की आबा एक शब्द न बोलता इंजिन परत खोलायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. गॅरेजमध्ये माझी जागा तेवढीच होती, वाटीएवढी. पण होती.

मग एका थंडीत ती जीप आली.

आधी आवाज आला. फाटकाशी येईपर्यंत ती खोकत होती आणि मधूनच फाट् करून असा बार काढत होती की रस्त्यापलीकडची कुत्री उठून शेतात गेली. जीप जुनी, वरून उघडी. चालवत होती एक बाई. माझ्याहून थोडी लहान असेल. सुती साडी, पायात बूट, पिकलेले केस घट्ट बांधलेले, नाकावर चष्मा. खाली उतरली, साडी झटकली आणि म्हणाली, "आबा तुम्हीच ना? मी विमल. जळगावहून आले. हिला काहीतरी झालंय, आणि जळगावात जो तो कार्बोरेटर साफ करून परत पाठवतो."

सगळे तिला ताई म्हणतात. मीही तोंडावर म्हणते. इथे नुसतं विमल म्हणणार आहे.

जीप तिच्या वारलेल्या नवऱ्याची. तिच्या पुतण्याला असल्या गाड्यांचा नाद. त्याने काकूच्या जीपमध्ये परदेशी मोठं इंजिन बसवलं, त्यात नव्या पद्धतीचा रोलर कॅम घातला, आणि नोकरीसाठी परदेशी निघून गेला. प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर मात्र जुनाच राहू दिला. चांगला होता, मग कशाला बदलायचा? मीही हेच केलं असतं. कोणीही केलं असतं.

यात चूक कुठे झाली ते मला पुढे इतक्या वेळा ऐकावं लागलं, की आता मी भाकरी थापता थापता सांगू शकते. इंजिनाच्या पोटात एक दांडा फिरतो, त्याला कॅम म्हणतात. त्यावरचे उंचवटे झडपा उघडतात. जुन्या इंजिनात त्या उंचवट्यांवर सपाट बुडाच्या टोप्या घासत असतात, आणि दांडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. नव्या पद्धतीत टोपीच्या बुडाला चाक असतं, म्हणून त्याला रोलर म्हणायचं; आणि तो दांडा कठीण स्टीलचा असतो. याच दांड्यावर तिरके दातेही कोरलेले असतात. त्या दात्यांत डिस्ट्रिब्युटरचा गिअर अडकून फिरतो. गिअर म्हणजे लिंबाएवढी वस्तू, पण कोणत्या प्लगला ठिणगी कधी मिळायची ते त्याच्या फिरण्यावर ठरतं, आणि खाली तेलाचा पंपही त्याच्याच जोरावर चालतो. जुना गिअर बिडाचा. बिडाच्या दांड्याशी त्याचं जमतं. स्टीलच्या दांड्याशी जोडला की दांडा त्याला खाऊन टाकतो.

आबांनी बोल्ट सैल केला आणि डिस्ट्रिब्युटर वर उपसून काढला. गिअरचे दात विळ्याच्या धारेसारखे पातळ झाले होते. आबांनी तो तिच्यासमोर धरला, आणि माझा नवरा बोलायला लागला.

"हे बघा ताई. दात गेले. ठिणगी वेळेवर पडत नाही, म्हणून ती खोकते. कार्बोरेटर बिचारा काही करत नव्हता."

"आणि कॅमचे दात?" ती म्हणाली. "तेही गेले का?"

आबांनी मान वर केली. असा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, गाडी कधी मिळेल. त्यांनी उजेडाला बॅटरी आणि एक छोटा आरसा घेतला, भोकातून आत पाहिलं आणि आरसा तिच्या हातात दिला. दोघांची डोकी इंजिनावर वाकली. कॅमचे दात शाबूत होते. ती म्हणाली, "चकाकतायत की हो," आणि आबा म्हणाले, "चकाकणारच. पोलाद आहे." हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, की जणू ते पोलाद त्यांनी घरी पाळलं होतं.

मी चहा घेऊन दारात उभी होते. आबांनी तळातलं तेल वाटीत काढलं. मी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, एक पाय पुढेही टाकला. आणि आबा म्हणाले, "ताई, बोट घाला. बघा कसं लागतं."

तिने बोट घातलं. अंगठ्यावर घासलं. "कचकच लागतंय," म्हणाली. "राखुंडीसारखी."

"वा!" आबा म्हणाले.

मला त्यांच्याकडून कधी "वा" मिळालं नव्हतं. आणि राखुंडी कसली? रवा होता तो, चांगला जाड रवा. मी दारातून सांगितलंही, "रवा शे." आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी चहा दिला. तिच्या कपात साय गेली होती, ती मी काढली नाही.

पुढे गिअर कोणता घालायचा, यावर त्यांचं बोलणं सुरू झालं आणि ते उन्हं कलेपर्यंत संपलं नाही. मी तांदूळ निवडायला दारातच बसले. आबा सांगत होते, स्टीलच्या दांड्यावर स्टीलचा पाणी दिलेला गिअर चालतो, पण जोडी जुळली तरच. दांडा कोणत्या जातीच्या स्टीलचा, ते कळलं पाहिजे. जुळली तर गिअर गाडीच्या जन्माला पुरतो, परत उघडून बघायला नको. नाही जुळली तर दांड्याचेच दात जातात; आणि दांडा पोटात, म्हणजे सगळं इंजिन बाहेर काढा. प्लास्टिकसारखा एक नवा प्रकार निघालाय, तो त्यांनी हाताळलेला नव्हता. राहिला गनमेटल. रंगाने पितळेसारखा, मऊ. दांडा कोणत्याही स्टीलचा असो, झिजायचं तर गनमेटलच झिजतो. वरचा डिस्ट्रिब्युटर उपसला की हातात येतो, बदलायला सोपा.

"पण दर साल उपसून बघावा लागेल ताई," आबा म्हणाले. "आळस केला तर दात संपतील आणि भर रस्त्यात बंद पडेल."

"दर साल?"

"दर साल."

"मग गनमेटलच घाला," विमल म्हणाली आणि हसली. "थंडीत येत जाईन. जळगावहून धुळं काय लांब आहे?"

तांदळातला खडा माझ्या बोटाखाली होता. तो मी इतक्या जोराने फेकला, की पत्र्यावर वाजला.

गनमेटलचा गिअर आला तो दिवसही मला आठवतो. आबांनी तो मलमलच्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवला. माझ्या मुलाला जन्मानंतर गुंडाळायला त्यांना मलमल सुचली नव्हती; मीच जुनं धोतर फाडलं होतं. बसवताना आबांनी शेंदूर मागितला. शेंदूर तेलात कालवून नव्या दात्यांना लावायचा, गिअर आत सोडायचा, इंजिन हाताने फिरवायचं आणि परत बाहेर काढून बघायचं; डाग दाताच्या मधोमध पडला तर बसवणं बरोबर. मारुतीचा शेंदूर मीच आणून दिला. कालवला विमलने. आबा म्हणाले, "पातळ नको." तिने अजून चिमूटभर घातला. डाग मधोमध पडला. दोघांनी तो गिअर उन्हाकडे धरून पाहिला. त्यांच्या बोटांना शेंदूर लागलेला होता, चारही हातांच्या. मी माझे हात पाहिले. स्वच्छ होते.

तेव्हापासून आमच्याकडे थंडी दोन गोष्टींनी ओळखता येते. बाजारात वांगी दिसतात, आणि आबा दाढी करतात. एरवी आठवड्याला वस्तरा लागला तर लागला. आमचा जुना मिस्त्री रफिक याला माझी खोड काढायला तेवढंच पुरतं.

"अक्का," तो गाडीच्या खालून ओरडतो, "जळगाववाली पारोळ्याला पोहोचली वाटतं."

"तुला कसं कळलं?"

"आबांच्या गालावर साबण राहिलाय."

"तू तुझं नट आवळ. नाहीतर तुझ्या तोंडात साबण घालीन."

ती यायची. येताना वांगी आणायची, केळी आणायची. डिस्ट्रिब्युटर उपसला जायचा. तेलात गनमेटलची बारीक भुकटी उतरलेली असायची. वाटी उन्हात धरली की जरीची पूड शिंपडल्यासारखं चमकायचं. आबा म्हणायचे, "एवढं चालतं. मऊ आहे, उतरणारच." मी बोट घालून बघितलं तर मैदाच लागायचा. म्हणजे या तेलात माझ्या बोटांचा उपयोग नव्हता. डोळ्यांनी बघायचं तेल होतं हे, आणि डोळे तिचे चांगले, चष्म्यासकट. बघून झालं की दोघं बोलायचे. या साली डावीकडचा दात जास्त गेला, का गेला असेल? तेल जाड वापरलं म्हणून पंपाला जोर पडला असेल का? मी आतून ऐकायची. त्या बोलण्यात वाईट असं काहीही नव्हतं. एकही शब्द असा नव्हता, की जो चौकात उभं राहून बोलता आला नसता. मला तर तेच जास्त लागायचं. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

एकदा जेवायला बसलो होतो. मी भरीत केलं होतं, ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती. आबा हात धुवायला उठले तशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, मला तो गिअर बघितला की आपल्या बायकांची आठवण होते. समोरचा कठीण, म्हणून आपण झिजायचं."

"मी झिजले नाही," मी म्हटलं. "माझे दात पडले ते वयाने."

रफिकला ठसका लागला. विमल आधी दचकली आणि मग इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला हसू आलं नाही. ती चांगली हसते. दात सगळे शाबूत आहेत तिचे.

आता एक गोष्ट कोणाच्याही लक्षात येईल, तशी माझ्याही आली. ती येते ती गनमेटल झिजतो म्हणून. झिजणारा गिअर काढून न झिजणारा बसवला, तर तिचं काम उरत नाही. त्यासाठी पाहिजे काय, तर दांडा कोणत्या स्टीलचा ते कळायला. आणि ते माहीत असणारा माणूस जगात एक होता.

मागच्या साली तो पुतण्या सुट्टीवर आला आणि काकूबरोबर धुळ्याला आला. उंच, गोड बोलणारा मुलगा. बाकीची जीपपाशी होती. हा मागे हात धुवायला आला, तसा मी त्याला टॉवेल दिला आणि टॉवेलचं दुसरं टोक सोडलं नाही.

"काय रे बाळा, काकूच्या गाडीचा कॅम कोणत्या स्टीलचा?"

तो हसला. "आजी, तुम्हाला कशाला?"

"सांग की. आबांना लागतंय."

त्याने फोन काढला, बोटाने वरखाली केलं. "हा बघा. ज्यांनी कॅम बनवला त्यांनीच त्याला जुळणारा स्टीलचा गिअर सांगितलाय. मागवला की येईल."

"मग काकूला का नाही सांगितलंस?"

"काकूने कधी विचारलंच नाही," तो म्हणाला.

मी टॉवेल सोडला.

कधी विचारलंच नाही. पोरगा तिला दर रविवारी फोन करतो, हे तिनेच मला सांगितलं होतं. तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो. आणि हिला इतक्या फोनांत एवढं विचारायचं सुचलं नाही? जिला पहिल्या दिवशी कॅमचे दात सुचले होते?

मी तशीच गॅरेजमध्ये गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की जोडीचा गिअर मिळतो, पुतण्याच्या फोनमध्ये आहे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विमल चष्मा पुसायला लागली. आबांनी पाना उचलला, परत ठेवला. रफिक एका चाकामागे गेला, आणि त्या चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

ती मंडळी गेल्यावर आबा मागे आले. बराच वेळ पाणी पीत उभे राहिले.

"तुले काय करनं शे त्यामां?" म्हणाले.

"मले काय करनं?" मी म्हटलं. "दर साल दात झिजतस, दर साल तेलमां भुकटी. तुम्हीच सांगतस, जोडी जुळनी तर परत देखाले नको. जुळनी ना आते?"

"जुळनी."

"मंग घाला."

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. माझा नवरा कमी बोलतो, पण इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलत नाही. जोडी जुळली असताना गनमेटल ठेवायला त्यांच्याकडे एकही कारण नव्हतं. असतं तर त्यांनी दिलं असतं. शोधताना मी त्यांना बघितलं.

स्टीलचा गिअर आला. करडा, जड. शेंदूर लागला, डाग मधोमध पडला, अगदी पहिल्याच वेळी. विमलने विचारलं, "म्हणजे आता काही बघायला नको?" आबा म्हणाले, "नको." ती म्हणाली, "बरं झालं." जीप वळवताना तिने नेहमीपेक्षा जास्त जागा घेतली. मी फाटक लावून घेतलं.

मी जिंकले होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. उन्हाळाभर बरं वाटत होतं. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की मी कशाची तरी वाट बघते आहे. माझा हिशोब साधा होता. माणसाजवळ शब्द असतातच. ते तिकडे खर्च होत होते, आता घरात उरतील. आबांकडून "चहा" आला, "वाढ" आलं, "पानी तापनं का" आलं. पावसाळ्यात एकदा मी स्वतःहून विचारलं, "तो स्टीलना गिअर कसा चालस म्हने?" ते म्हणाले, "चालस." आणि भाकरीचा तुकडा मोडला. तेल देखायला हाक आली, मी गेले, मैदा म्हटलं, परत आले. सगळं होतं तसं होतं. तिच्यावर खर्च होणारे शब्द कुठे गेले मला माहीत नाही. मला वाटायचं, ती गेली की मत्सरही जाईल. तो कुठेच गेला नाही. उलट आता त्याला तोंड नव्हतं, बूट नव्हते, चष्मा नव्हता; भाकरी करताना, भांडी घासताना, कधीही येऊन बसायचा.

तर परवा वांगी घेतली. काल दुपारी ती भाजायला मी मागे काड्या मोडत होते आणि आवाज आला. दुरून आला, पण मला कळला. न खोकता, न अडखळता, एका सुरात. स्टीलच्या गिअरने ठिणगी अशी वेळेवर पडत होती, की ऐकून कोणालाही समाधान वाटावं. रफिकने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. पहिल्यांदाच त्याने काही टोमणा मारला नाही. आबांचा हात आपोआप गालावर गेला. गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट होते.

जीप आत आली. विमल उतरली. थोडी वाळलेली दिसली.

"काय झालं गाडीला?" मी विचारलं.

"काही नाही वहिनी. मस्त चालतेय. सहज आले."

सहज. म्हणजे गिअर नाही, तेल नाही, झिजलेले दात नाहीत. कारण मीच काढून टाकलं होतं, आणि ती कारणाशिवाय आली होती. इतक्या थंड्या मी त्या गनमेटलला शिव्या दिल्या. आता शिव्या द्यायला समोर नुसती ती उरली.

तीन खुर्च्या होत्या. आबा बसले, ती बसली. मी एरवी अशा वेळी चहाला आत जाते. काल गेले नाही. तिसरी खुर्ची ओढली आणि बसले.

आबांनी खुर्ची जरा उन्हात सरकवली.

"कापूस कसा यंदा?" विमलने विचारलं.

"बरा," आबा म्हणाले.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग दुसरा गेला. आबा बोटांचे काळे सांधे चोळत होते. ती पर्सचा बंद सरळ करत होती. मी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. गिअर नसला तर या दोघांना एकमेकांशी बोलायला काहीही नव्हतं! काही म्हणजे काही नाही. मुलाबाळांचं नाही, दुखण्याखुपण्याचं नाही, पाहुण्यारावळ्यांचं नाही. लिंबाएवढ्या त्या वस्तूखेरीज त्यांच्यात काहीच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं, की मी खुर्चीत मागे टेकले. मी बोलले असते तर बोलणं सुरू झालं असतं. मी बोलले नाही. बसू देत, म्हटलं.

मग आबा खाकरले. "ताई, येताना आवाजात जरासा फरक वाटला."

विमलने झटकन मान वर केली. "हो ना? मलाही पारोळ्यापासून वाटतंय. डावीकडून काहीतरी."

"डावीकडूनच."

"फरक काही नव्हता," मी म्हटलं. "मी ऐकलाय."

रफिक गाडीखालून म्हणाला, "आवाज तर एक नंबर होता आबा," आणि मग गप्प बसला, कारण आबांनी त्याच्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं तसं ते कधी पाहत नाहीत. तीच नजर माझ्याकडे वळली आणि खाली गेली. इंजिनाच्या बाबतीत कधी खोटं न बोललेला माणूस. त्याला नीट जमलंही नाही. कान लाल झाले होते.

बोनेट उघडलं गेलं. डाव्या बाजूला आबा वाकले, उजव्या बाजूला ती. बॅटरी आली, आरसा आला. "इथे बघा," "कुठे?", "इथे, पंपाच्या वर." शब्द भराभर यायला लागले, नळाला पाणी आल्यासारखे.

मी उठले. आत जायचं की काय, क्षणभर ठरेना. मागे काड्या मोडून ठेवल्या होत्या, वांगी तशीच होती. मग मी जीपच्या पुढे गेले, पदर खोचला आणि तिथून वाकले.

"मले भी दखाडा," मी म्हटलं.

आबांनी मान वर केली. "तुले?"

"मले."

विमलने आरसा माझ्या बाजूला थोडा वळवला. आबांनी बोनेटची कड धरली; मला वाटलं, आता मिटतील. मग त्यांनी बोट आत घातलं आणि म्हणाले, "हाऊ डिस्ट्रिब्युटर." अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. ते सगळं मला पाठ होतं. मी मान हलवत राहिले. आत तेलकट अंधार आणि लोखंड, बघण्यासारखं काही नव्हतं. पण जीपची पुढची बाजू मोकळी होती, आणि ती मी आता कोणासाठी सोडणार नाही.